तीनशेचं तिकीट, तीनशेच्या लाह्या

मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर "एवढ्याशा लाह्यांना तीनशे रुपये?" असं म्हणणारा माणूस हिशेब मक्यापासून सुरू करतो, आणि गोंधळ तिथेच होतो. हिशेब तिकिटापासून सुरू करायला हवा.

समजा तिकीट तीनशेचं आहे, करासकट. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की उरतात २५४. हे २५४ सुद्धा सगळे थिएटरचे नाहीत. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात जुंपली, जवळपास दोन महिने नवे मोठे चित्रपटच लागले नाहीत, आणि त्या भांडणातून एक वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, त्यापुढे ३०. चित्रपटागणिक घासाघीस होते, पण धंद्यात हिशेब लावायचा तर याच आकड्यांवर लावतात. पहिल्या आठवड्यातल्या तीनशेच्या तिकिटातून थिएटरच्या हाती १२७ रुपये पडले. गंमत म्हणजे थिएटरचा वाटा वाढतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

आता तीनशेच्या लाह्या घ्या. काउंटरवरच्या खाण्याला ५ टक्के जीएसटी, म्हणजे उरले २८६. यात वितरकाला दमडी नाही. मोठ्या साखळ्यांत खाण्यापिण्याच्या विक्रीतला सुमारे चौथा हिस्सा कच्च्या मालावर जातो, तो ७१ रुपये धरू. थिएटरकडे राहिले २१४. जागेचं भाडं, एसीचं बिल, पोरांचे पगार हे सगळं याच दोन रकमांमधून भागवायचं असतं. १२७ आणि २१४ हे दोन आकडे शेजारी ठेवले की थिएटरवाला खरं तर कुठला धंदा करतोय ते कळतं.

देशातली सगळ्यात मोठी साखळी म्हणजे पीव्हीआर आयनॉक्स. २०२३ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून ती झाली. त्यांच्या २०२३-२४ च्या आकड्यांत सरासरी तिकीट सुमारे २६० रुपये आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च सुमारे १३० रुपये आहे. काहीच न घेणारेही या सरासरीत धरलेले आहेत, हे विसरू नका. अधूनमधून ९९ रुपयांच्या तिकिटाचे खास दिवस ठेवणं परवडतं ते यामुळेच. ९९ च्या तिकिटात थिएटरला पन्नासही सुटत नाहीत, पण हॉल भरला की काउंटर चालतो.

यावर अर्थशास्त्रातला एक युक्तिवाद आहे. रिकार्ड गिल आणि वेस्ली हार्टमन या दोन अभ्यासकांनी स्पेनमधल्या एका थिएटर साखळीचे आकडे तपासून २००९ मध्ये तो मांडला. थोडक्यात असा: महाग लाह्या घेणारे प्रेक्षक तसेही जास्त पैसे मोजायला तयार असतात, त्यांच्याकडून काउंटरवर वसूल केलं की तिकीट सगळ्यांसाठी थोडं खाली ठेवता येतं. न खाणाऱ्याचं तिकीट खाणाऱ्याच्या खिशातून स्वस्त होतं म्हणा ना. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. शनिवारी संध्याकाळी तिकीटही चढं आणि लाह्याही चढ्या, तेव्हा कोण कुणाचं ओझं उचलतंय? शिवाय लहान मूल बरोबर असलेल्या आई-बापाला "न खाण्याचा" पर्याय कागदावरच असतो.

एकपडदा थिएटरचं गणित वेगळं असायचं. तिथे कँटीन बहुधा कंत्राटावर दिलेलं. कंत्राटदार वडा, समोसा, खारे शेंगदाणे, काचेच्या बाटलीतलं थंड विकणार आणि मालकाला ठरलेलं भाडं देणार. मध्यंतरात बाहेर टपरीवर जाऊन चहा मारून परत येता यायचं, त्यामुळे आतल्या समोशाला बाहेरच्या समोशाशी स्पर्धा होती. मॉलच्या चौथ्या मजल्यावर ती स्पर्धा उरली नाही. भाव चढायला एवढं पुरेसं आहे.

आता मक्याकडे येऊ.

लाह्यांचा मका वेगळा. दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा लागतो, आणि साल इतकी घट्ट की आतली वाफ १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत ती फुटत नाही. फुटला की एक ग्रॅम दाण्याचं साधारण ४० घन सेंटिमीटर होतं. म्हणजे २५ ग्रॅम मक्यात एक लिटरचं भांडं भरतं. धंद्याची सगळी मेख इथे आहे: ग्राहक आकारमान विकत घेतो, दुकानदार वजन. चार लिटरचा मोठा टब भरायला शंभर ग्रॅम मका पुरतो. किलोला दीडशे रुपये धरले तर पंधरा रुपयांचा मका. तेल मक्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, म्हणजे ३५ ग्रॅम, पाच-सहा रुपयांचं. लोण्याच्या वासाचं पिवळं बारीक मीठ रुपयाभराचं. या सगळ्यापेक्षा छापील कागदी टब महाग पडला तर नवल नाही.

थिएटरसाठी मुद्दाम पाकळ्या फुटलेल्या, फुलपाखरी आकाराच्या लाह्यांचा मका घेतात. त्या एकमेकींत अडकतात, मधे पोकळी राहते, टब लवकर भरतो. कॅरमलसाठी मात्र गोल, भूछत्रासारख्या फुटणाऱ्या जातीचा मका बरा, कारण पाकात घोळताना पाकळ्या मोडतात. कॅरमलच्या टबात वजन जास्त भरतं, म्हणून त्याचा चढा भाव थोडा तरी समजण्यासारखा असतो. चीजच्या भुकटीचा नसतो.

जुलै २०२३ मध्ये नोएडातल्या एका मल्टिप्लेक्सचं बिल समाजमाध्यमांवर फिरलं होतं: ५५ ग्रॅम चीज पॉपकॉर्न ४६० रुपये, ६०० मिलिलिटर थंड पेय ३६० रुपये. ४६० ला ५५ ने भागा. ग्रॅमला आठ रुपयांच्या वर, म्हणजे किलोला आठ हजारांहून जास्त. काजू-बदाम याच्या कितीतरी खाली मिळतात. त्या गदारोळानंतर त्या मल्टिप्लेक्सच्या साखळीने सोमवार ते गुरुवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळेत ९९ रुपयांपासून खाण्याच्या जोड्या आणल्या, आणि शनिवार-रविवारी टब पुन्हा पुन्हा भरून द्यायची सोय केली. दुसऱ्यांदा टब भरायला थिएटरला किती खर्च येतो ते वर आलंच आहे.

बिल देण्याआधी फलकावर एक गोष्ट बघायची सवय लावा. देशभरात दहा किंवा अधिक ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना प्रत्येक पदार्थाचे उष्मांक आणि वाढपाचं प्रमाण फलकावर देणं एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने बंधनकारक केलंय. अक्षरं बारीक असतात, पण त्यातल्या ग्रॅमने किमतीला भागलं की लहान-मध्यम-मोठा यांचा खेळ उघडा पडतो. मध्यम टबाचं काम बहुतेकदा मोठा टब स्वस्त भासवणं हेच असतं. समजा लहान २८०, मध्यम ३८०, मोठा ४२०. मध्यमवर नजर गेली की "चाळीसच तर जास्त" असं वाटतं आणि मोठा घेतला जातो. दोघांना लहान टब पुरणार असेल तर ग्रॅममागे महाग असूनही तोच घ्यावा. उरलेल्या लाह्या खुर्चीखाली जातात, त्यांचा ग्रॅमचा भाव काढून उपयोग नाही. फुकट रिफिल असेल तर मात्र उलट: चौघांत एक मोठा टब आणि दोन रिकामे कागदी कप मागून घ्या. रिफिल कुठल्या आकाराला, कुठल्या वारी आणि मध्यंतरापर्यंतच की शेवटपर्यंत, हे बिल करण्याआधी विचारायचं. बिल झाल्यावर ऐकायला मिळणारं उत्तर सहसा वेगळं असतं.

लाह्या गरम आहेत म्हणजे ताज्या आहेत असं नाही. काचेच्या पेटीत खालून उष्णता सोडलेली असते, त्यामुळे दुपारी फोडलेल्या लाह्यासुद्धा रात्रीच्या खेळाला कोमट लागतात. ताजी लाही दाताखाली कुरकुरते, जुनी चिवट होते. पावसाळ्यात तर तासाभरात सादळते. भांड्यात मका फुटत असताना दिसला तर "यातले द्या" म्हणायला संकोच करू नका, कुणी नाही म्हणत नाही. टबाच्या तळाशी मिठाचा थर आणि न फुटलेले दाणे पेटीतल्या खालच्या लाह्यांबरोबर येतात. वरून भरून मागा.

थंड पेयाचं गणित याहून सोपं. यंत्रातून येणारं पेय म्हणजे पाच भाग गार सोडा आणि एक भाग सिरप. ६०० मिलिलिटरचा पेला अर्धा बर्फाने भरला तर पेय उरतं ४०० मिलिलिटरच्या आसपास, आणि त्यात सिरप सत्तर मिलिलिटरही नाही. "बर्फ कमी" म्हणा. पेय यंत्रातून आधीच गार येतं, आणि बर्फ वितळून पातळ झालेलं पेय शेवटी कुणी पीत नाही. पेय नुसतं सोड्यासारखं लागलं तर सिरपची पिशवी संपत आलेली असते. गोड पण बेचव, बुडबुडे नसलेलं लागलं तर गॅसची टाकी. दोन्ही वेळा काउंटर सोडायच्या आधीच एक घोट घेऊन बघावा. अंधारात खुर्चीवर बसल्यावर परत जाणं होत नाही.

बाटलीबंद पेयांऐवजी यंत्र का, याचं एक कारण कायद्यात आहे. पेल्यात ओतून दिलेल्या पेयावर एमआरपी नसते. बाटलीवर असते. पूर्वी मल्टिप्लेक्स, विमानतळ वगैरेंसाठी त्याच पाण्याच्या बाटलीवर वेगळी, चढी किंमत छापून यायची. वैधमापन नियमांत बदल झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून एकाच वस्तूच्या एकसारख्या पाकिटावर दोन किमती छापायला बंदी आली. "एकसारख्या" हा शब्द महत्त्वाचा. थिएटरात अनेकदा बाहेरच्या दुकानात न दिसणारी बाटली, वेगळ्या मापाचा कॅन किंवा वेगळाच ब्रँड दिसतो, तो याच शब्दाच्या आडोशाने. दुसरीकडे डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने द्यायची मुभा दिली. तिथे नुसती विक्री नसते, सेवाही असते, हे कारण. जीएसटीसाठी थिएटरचं काउंटर रेस्टॉरंटसारखंच धरतात. त्यामुळे एमआरपीची तक्रार वाटते तितकी सरळ नाही. जास्त पैसे घेतले असतील तर बाटलीवरची किंमत आणि बिल या दोन्हींचा फोटो हवाच, नाहीतर मुद्दा उभाच राहत नाही.

बाहेरचं खाणं आत नेण्याबद्दल महाराष्ट्रात अजूनही बरेच जण २०१८ च्या बातम्यांवर विसंबून असतात. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू होती, मनसेची आंदोलनं झाली, आणि जुलैत नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी बाहेरचे पदार्थ नेण्यावर बंदी नसल्याचं सांगितलं. पुढच्याच महिन्यात सरकारने न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं ते नेमकं उलट्या सुराचं: सुरक्षेचा प्रश्न आहे, हस्तक्षेपाची गरज वाटत नाही. घरच्या डब्यातून कसला धोका, असं खंडपीठाने विचारलंही. पण विषयाचा निकाल लागला तो दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थिएटरांची खाद्यबंदी उठवली होती. ३ जानेवारी २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पी. एस. नरसिंह यांनी तो आदेश रद्द केला. थिएटर ही खासगी मालमत्ता, आत काय न्यायचं याच्या अटी मालक ठरवू शकतो. तिथलं खाणं घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. कुणी जिलबी आणून चिकट बोटं खुर्चीला पुसली तर, हा जिलबीचा दाखला त्याच सुनावणीतला. तेव्हा दारावर "२०१८ चा जीआर आहे" म्हणून भांडणारा माणूस हमखास हरतो.

त्याच सुनावणीत दोन गोष्टी मात्र प्रेक्षकाच्या पदरात पडल्या. पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं, आणि तान्ह्या बाळाचं वाजवी खाणं आई-बापाला नेऊ द्यायचं. पाण्याबाबत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१५ च्या निकालातही हेच धरलं होतं: बाहेरचं पाणी अडवायचं आणि आत फुकट पाणीही ठेवायचं नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा. म्हणून पाण्यासाठी पैसे मोजण्याआधी नळ शोधा. तो बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, खांबामागे असतो आणि कप संपलेले असतात. काउंटरवर कप मागा, देतात. "फिल्टर बंद आहे" असं उत्तर मिळालं तर व्यवस्थापकाला बोलवा आणि तक्रारवहीत वेळ लिहून नोंद करा. त्यानंतर बऱ्याचदा एक बाटली निमूटपणे हातात येते. रिकामी प्लास्टिकची बाटली सहसा आत सोडतात, धातूची कधी कधी अडवतात.

मधुमेह असलेल्यांनी किंवा पथ्याचं खाणाऱ्यांनी औषधाची चिठ्ठी फोनमध्ये ठेवावी आणि रांगेत पिशवी तपासणाऱ्याशी न बोलता थेट व्यवस्थापकाशी बोलावं. तपासणाऱ्याला अपवाद करायचा अधिकार नसतो. त्याच्याशी घातलेला वाद वाया जातो. अडवलेला डबा टोकन घेऊन जमा करता येतो. टोकन न देता "ठेवा इथे" म्हणत असतील तर डबा गाडीत ठेवून या.

तिकिटाबरोबर खाणं गळ्यात मारण्याची भीती अनेकांना वाटते. इथे करच आपल्या बाजूने उभा आहे. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं की खाणं स्वतंत्रपणे विकलं तर ५ टक्के, तिकिटात गुंडाळून विकलं तर तिकिटाचा दर. म्हणजे एकत्र केलं की थिएटरचंच नुकसान. ॲपवर तिकीट काढताना मधेच येणारं "काही खायला?" हे पान त्यामुळे नेहमी ओलांडता येतं. फक्त "वगळा" हा शब्द फिकट करड्या रंगात, कोपऱ्यात असतो.

ॲपवर आधी घेतलेलं खाणं कधी कधी काउंटरपेक्षा स्वस्त पडतं, पण त्यात तीन ठिकाणी अडकायला होतं. खेळ बदलला की तिकिटाचे पैसे परत येतात, खाण्याचे येतीलच असं नाही. बँकेच्या कार्डाची सवलत आणि कॉम्बोची सवलत बहुधा एकत्र लागत नाहीत. आणि मध्यंतरात आणून देण्याची वेळ निवडली असेल तर खुर्चीचा क्रमांक पुन्हा तपासा, कारण शेजारच्या हॉलमधल्या त्याच क्रमांकावर तुमचे नाचोज गेलेले असतात. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं आणि रांग तेवढ्याच वेळाची. घ्यायचंच असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी, जाहिराती चालू असताना घ्या.

बिलात चूक असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन दावा करता येतो. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण लक्षात घ्या, "भाव जास्त आहे" ही तक्रार होत नाही. "फलकावर २८० होते, बिलात ३२० लावले", "फुकट पाणी नव्हतं", "न मागितलेली वस्तू बिलात धरली" या तक्रारी होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकातल्या तिकीट दराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शंभर रुपयांचं पाणी आणि सातशेची कॉफी यावर नाराजी बोलून दाखवली, हॉल रिकामे पडतील असंही म्हटलं. नाराजीच ती, आदेश नव्हे.

शेवटी, नुसती चवच हवी असेल तर ती घरी होते. जाड बुडाच्या भांड्यात ३५ ग्रॅम रिफाइंड खोबरेल, चिमूटभर हळद आणि तीनच दाणे टाका. तिन्ही फुटले की गॅस बंद करून उरलेला १०० ग्रॅम मका घाला, अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा मध्यम आचेवर. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि जवळजवळ एकदमच फुटतात. झाकण किंचित कलतं ठेवा. वाफ कोंडली तर लाही चिवट होते. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडलं की उतरवा. मीठ मिक्सरमध्ये पिठीसारखं दळून घ्या, जाड मीठ तळाला जातं. आणि निम्मे दाणे न फुटताच राहिले तर मका सुकलेला आहे: किलोभर मक्याच्या बरणीत मोठा चमचाभर पाणी घालून हलवा, झाकण घट्ट लावा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा.